जोडीतलं एक नाव

ब्युनोस आयर्स,
७ मे १९८९

ति. सौ. एल्बाताईस,
मिर्ताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आईने विणलेले मोजे पोचले. दाजींसाठीचा जोड त्यांच्या हाती दिला, पण पायात काही दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, नाचाच्या बुटात लोकर मावत नाही. मग घेतले कशाला, म्हटलं, तर हसले आणि खिशात घालून गेले. तुझा नवरा दिवसेंदिवस चोरटा होत चाललाय, एवढं कळवून ठेवते.

आपल्या टँगो कंपनीची खबर विचारलीस. वीज दिवसातून पाच तास जाते, म्हणून खेळ आता दुपारी चारला, खिडक्या उघड्या टाकून. वादकांना मास्तरांनी निरोप दिला. उरलाय तो म्हातारा रोके आणि त्याची ती भात्याची पेटी, बांदोनेऑन. बाकी सगळं कॅसेटवर. बॅटरी उतरली की टँगो असा रेंगाळतो की आम्ही आठही जण मळलेल्या कणकेतून चालल्यासारखे दिसतो. लोकांना वाटतं मुद्दाम बसवलंय. परवा त्यालाच जास्त टाळ्या पडल्या. तिकिटाला नोटा घेणं मास्तरांनी बंद केलंय, कारण खेळ संपेपर्यंत त्यांची किंमत उतरते. दारात तराजू आहे. पीठ, साखर, तेल, माते चहाची पत्ती, जे असेल ते एक किलो. रविवारी मला दीड किलो शेवया मिळाल्या. मखमली पडद्याचा अर्धा भाग कापून आम्हा बायकांचे घागरे शिवले, त्यामुळे पडदा आता एकाच बाजूने पडतो.

आणि हो, तुझ्या जागेवर येऊन मला नऊ वर्षं झाली, तरी इथे नुसती मिर्ता कुणालाच ठाऊक नाही. कपड्यांच्या पेटीवर, खुंटीवर, हजेरीत, सगळीकडे मिर्ता-नोर्बेर्तो. माझी दाढ दुखली तेव्हा मास्तरांनी ओळखीच्या दंतवैद्याला चिठ्ठी दिली, तिच्यावरही मिर्ता-नोर्बेर्तो. तो डॉक्टर बिचारा दुसरा पेशंट शोधत बसला.

आईला नमस्कार, दारिओ आणि बेबाला पापा. माझ्यावरची माया शेवयांसारखी किलोवर मोजू नकोस.

तुझी
मिर्ता

*

तांदिल,
१५ मे

चि. मिर्ता हिस,
एल्बाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आई इतकी हसली की तिचं कानातलं यंत्र पडलं. बिस्किटांच्या कारखान्यात मला आता आठवड्यातले तीनच दिवस काम उरलंय. शनिवारी क्लबात बास्केटबॉलच्या फरशीवर मुलींना टँगो शिकवते. पंधरा मुली, एक मुलगा, आणि तोही आईने ओढून आणलेला. पुरुषाची पावलं मीच नाचते. त्रेचाळिसाव्या वर्षी कंबर अजून ऐकते याचं मलाच नवल वाटतं.

आता मोज्यांचं सांगते. ते तो पायात घालत नाही, उजव्या गुडघ्याला गुंडाळतो. गेल्या उन्हाळ्यात इथल्या डॉक्टरने दोनदा पाणी काढलं आणि सांगितलं की हा गुडघा आता उधारीवर चाललाय. नोर्बेर्तोने मला कुणालाही न सांगायची शपथ घातली होती. मी ती मोडते आहे, आणि मोडली हे त्यालाही लिहून कळवते आहे, कारण त्याच्या छातीला छाती लावून तू नाचतेस, मी नाही. उजवीकडे वळताना तो तुझ्या खांद्यावर भार टाकत असेल. टाकू दे. वळण थोडं आखूड घे, बघणाऱ्याला कळत नाही. मी तुला माझी जागा, माझे बूट आणि माझा काळा झगा दिला, तेव्हा काहीच मागितलं नव्हतं. आता एवढं मागते.

हे तुझ्यापाशीच ठेव. शेवया जपून खा.

तुझी
ताई

*

ब्युनोस आयर्स,
२८ मे

ति. सौ. एल्बाताईस,
सा. न. वि. वि.

गुडघ्याचं वाचलं. मी कुणाला म्हणजे कुणालाही बोलले नाही. वळण आखूड घेते आहे.

आता मोठी बातमी. जपानचे ते फुकुदा, जे तुमच्या वेळी कंपनीला घेऊन गेले होते, त्यांनी बोलावणं पाठवलंय. ऑगस्टपासून पन्नास दिवस, बेचाळीस खेळ. तिकडे जाऊन आलो तर कंपनी दोन वर्षं तरते, आणि नाही गेलो तर मास्तर दाराला कुलूप घालणार, असं त्यांनी स्वतः सांगितलं. पण तिकिटं आलीत आठ. मास्तर, रोके आणि तीन जोड्या. जोड्या आहेत चार.

मास्तर म्हणाले की तुम्ही चौघं पोरं नि चौघी पोरी माझ्याच हाताखाली उभ्या राहिल्यात, मी कुणाला कापू? तेव्हा येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी टोपी फिरणार. ज्याने त्याने चिठ्ठीवर मागे राहणाऱ्यांचं नाव लिहायचं. त्या दिवसापासून कपडे बदलायच्या खोलीत कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही.

ताई, नुसतं विचारते हं, बेचाळीस खेळ तो गुडघा टिकेल का? दुसऱ्याच आठवड्यात बसला तर फुकुदा दोघांनाही परत धाडतील. माझं वय छत्तीस. पुढचं बोलावणं येईल तेव्हा मी तिकिटं फाडायला दारात उभी असेन.

बाकी फाबियान आणि सिल्विना ही आमची सगळ्यांत लहान जोडी. सिल्विनाने मला एक गोष्ट सांगितली आहे. तिचे आजोबा पिएमोंतेचे, आणि इटलीची कागदपत्रं तिच्या हाती आलीत. ती निघणार, पण फाबियानला सांगायचा धीर होत नाही. टोपी फिरल्यावर सांगेन म्हणते. मी गप्प आहे. फाबियान बिचारा सव्वीस वर्षांचा, खांबासारखा पक्का पाय, आणि लवकरच जोडीवाचून राहणार. असो.

दाजी हल्ली कमी बोलतात. तू त्यांना नेमकं काय लिहिलंस?

तुझ्या मायेवरच दिवस काढणारी
मिर्ता

*

तांदिल,
३ जून

चि. मिर्ता,
अ. आ.

तू नुसतं विचारलंस, मी नुसतं उत्तर देते. गुडघा टिकेल की नाही ते मला माहीत नाही, आणि ते मोजणं तुझं काम नाही. तो तिकडे बसला तर त्याला हाताला धरून घरी आण. मी असते तर आणलं असतं.

सिल्विनाचं मात्र मास्तरांच्या कानावर घाल. ती जाणारच असेल तर जोड्या आपोआप तीन होतात, मग टोपी कशाला फिरवायची? तिने धीर केला नाही तर तू कर. फार तर चार दिवस रुसेल.

इथे आईच्या औषधाचं दुकान दोन दिवस बंद होतं, पलीकडच्या गल्लीत वाण्याचं दुकान फोडलं. पोरं ठीक आहेत.

पत्राची वाट पाहते.

ताई

*

ब्युनोस आयर्स,
१२ जून

ति. सौ. एल्बाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, आधी बस आणि मग वाच.

तुझं पत्र मला शनिवारी खेळ झाल्यावर मिळालं. टपालाचा संप होता. तोवर टोपी फिरली होती.

रोकेची टोपी घेतली होती. आठ चिठ्ठ्या. मास्तर एकेक उघडत गेले. पहिली कोरी. दुसरी कोरी. असं करत सात कोऱ्या निघाल्या. का ते मला कळेना, आणि मास्तरांचा चेहरा तर उजळत चालला होता. शेवटच्या चिठ्ठीवर होतं, नोर्बेर्तो. ती त्यांनी वाचली, आणि मग पुन्हा वाचली. तेवढ्यात दाजी उठले आणि म्हणाले की ती माझी चिठ्ठी, माझा गुडघा गेलाय, मीच माझं नाव लिहिलं. मास्तरांनी चिठ्ठी घडी करून कोटाच्या खिशात ठेवली.

मग सिल्विना हुंदके देत सगळं बोलली. फाबियान भिंतीला टेकून खालीच बसला. मास्तरांनी हिशेब मांडला की एक पुरुष गेला, एक बाई गेली, उरलेल्यांची एक जोडी होते. म्हणजे मी आणि फाबियान. मी नको नको म्हटलं, पण आठ जणांचं पोट त्यावर होतं. खूप रडले. दाजींनीच पाठीवर हात ठेवला. केवढं मोठं मन गं त्यांचं. माझी चिठ्ठी कोरीच होती, हे तू विचारायच्या आधी सांगते.

ते गुरुवारच्या गाडीने निघतील. त्यांना जप. मी जपानहून आईची दोन वर्षांची औषधं भरून टाकीन, शप्पथ.

तुझ्या पायांशी बसलेली
मिर्ता

*

ब्युनोस आयर्स,
१३ जून

प्रिय एल्बा,

मिर्ताने लिहिलंच असेल. तिचं वाच, मग माझं वाच, आणि मग चूल पेटवायला घे.

शुक्रवारी आम्ही चौघं पुरुष कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसलो होतो. ओस्कारने सुचवलं की सगळ्यांनी कोरी चिठ्ठी टाकायची. म्हातारा मास्तर आपल्या हातून आपलीच मान कापून घेऊ बघतोय, ते आपण होऊ द्यायचं नाही; आठही जण भाकरी अर्धी करून जाऊ, नाहीतर कुणीच नको. हात मिळवले. ज्याने त्याने आपापल्या जोडीदारणीला सांगायचं ठरलं.

मी मिर्ताला सांगितलं नाही.

विसरलो नाही, एल्बा. मुद्दाम सांगितलं नाही. तू तिला गुडघ्याचं लिहिलंस त्या दिवसापासून ती मला मिठीत घ्यायची ती बाजारात भोपळा उचलून बघावा तशी. नऊ वर्षं मी तिच्या केसांचा वास घेऊन ताल धरला, आणि आता तिच्या छातीत मला आकडे ऐकू यायचे. मला बघायचं होतं. बघितलं.

ती समजते की कुणाला कळलं नाही. अगं, तिथे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ओस्कारला किंवा उगोला आम्ही नको असतो तर त्यांनी काय लिहिलं असतं? मिर्ता-नोर्बेर्तो. इतक्या वर्षांत कंपनीत कुणी एकाचं नाव लिहिलेलं मी पाहिलं नाही, तुझ्या वेळीही नाही. मी एकटा आणि ती एकटी असं ज्याच्या डोक्यात येईल असं माणूस त्या खोलीत एकच होतं. मास्तरांनी दुसऱ्यांदा वाचलं ते त्यासाठी. मग सगळ्यांनी खाली पाहिलं.

मी उठलो ते मोठं मन म्हणून नाही. मला लाज वाटली. बाईने टाकलेला म्हणून कीव घेण्यापेक्षा मूर्ख ठरलेलं बरं. एकाचाही विश्वास बसला नाही.

आणि सिल्विना जाणारच होती. सगळ्या कोऱ्या निघाल्या असत्या तर आम्ही दोघंही जपानला निघालो असतो. मी तिच्याशी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. हे मला गाडीत रात्रभर पुरेल.

गुरुवारी येतो. आईला सांग, मोजे उबदार आहेत.

तुझा
नोर्बेर्तो

*

तांदिल,
२० जून

चि. मिर्ता,
अ. आ.

नोर्बेर्तो पोचला. स्टेशनापासून घरापर्यंत तीनदा थांबला, पण सामान मला उचलू दिलं नाही. स्वतःच स्वतःचं नाव लिहिलं असं पोरांना सांगतो. पोरं त्याच्याकडे मोठ्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

तालीम नीट कर. फाबियान उंच आहे, टाच अर्धा बोट वाढवून घे. माझ्या काळ्या झग्याची काखेची शिवण तपास, तिथे कापड आधीच विरलंय.

एक विचारायचं राहिलं. त्या चिठ्ठीवर त्याचं एकट्याचंच नाव होतं का? उगाच, मनात आलं म्हणून.

ताई

*

ब्युनोस आयर्स,
२ जुलै

ति. सौ. एल्बाताईस,
सा. न. वि. वि.

हो, एकट्याचंच होतं. का विचारलंस?

ताई, मी वेडी व्हायची वेळ आली आहे. फाबियान मला बोटांच्या टोकांनी धरतो, गरम कढई धरावी तसा. छाती लागू देत नाही. तीन पावलं झाली की पाठ दुखते म्हणून बाजूला होतो. परवा मास्तरांना म्हणाला की हिच्याबरोबर मला डोळे मिटता येत नाहीत. मास्तर म्हणाले की पाऊल मी शिकवू शकतो, मिठी हुकमाने देता येत नाही. माझ्या समोर म्हणाले.

थंडी एवढी आहे की सगळे रोकेच्या शेगडीभोवती बसतात. माते चहाची वाटी ओस्कारकडून त्याच्या जोडीतल्या निडियाकडे, निडियाकडून उगोकडे, आणि मग मला वगळून पुढे जाते. भांडण नाही, टोमणा नाही. नुसती वाटी पुढे जाते. काल मी हात पुढे केला, तर उगोच्या जोडीतली ग्रासिएला म्हणाली की पाणी संपलं. किटली वाफाळत होती. यांना माझ्याविषयी कुणी काय सांगितलंय कोण जाणे. मी कुणाचं काय वाकडं केलंय?

निघायला महिना उरला. मास्तर दुसरी बाई शोधताहेत असं कानावर आलं. ते फक्त तुझं ऐकतात. तुझं नाव निघालं की अजून टोपी काढतात, आणि फुकुदाही प्रत्येक पत्रात एल्बासान कशा आहेत ते विचारतात. माझ्यासाठी चार ओळी लिही ना. आपण एका आईच्या पोटच्या आहोत. हा दौरा गेला तर मला खोलीचं भाडं द्यायलाही पीठ नाही.

तुझ्याशिवाय कुणी नसलेली
मिर्ता

*

ब्युनोस आयर्स,
३० जुलै

चि. मिर्ता हिस,
एल्बाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला तांदिलला माझ्याच स्वयंपाकघरात मिळेल. बसस्टँडवर मी चढत होते आणि खोली सोडून आलेली तू उतरत होतीस, तेव्हा बोलायला वेळ मिळाला नाही. मला नको होता, असंही म्हण.

तू मागितल्याप्रमाणे मास्तरांना चार ओळी लिहिल्या. पहिल्या तिन्ही तुझ्या कौतुकाच्या होत्या. ती वेळेवर येते, पाय सुरेख आहेत, माझी बहीण आहे. चौथीत विचारलं की तरीही फाबियानसाठी बाई हवी असेल तर मी आहे. मला वाटलं होतं म्हातारा हसेल. त्याच दिवशी तार आली. माझे कागद फुकुदांनी आठ दिवसांत करून घेतले. फाबियान पहिल्या तालमीला घाबरला होता, दुसऱ्या गाण्याला त्याने डोळे मिटले. बूट अजून मला बसतात. पेटीवरचं तुझं नाव रोकेने चाकूने खरवडलं, तर खालून माझंच जुनं नाव निघालं. त्याला नवा रंगही लागला नाही.

आता घरचं. भट्टीचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. दारिओला गणितात मदत लागते, ती त्याचा बाप करील. आईशी डाव्या बाजूने बोल. शनिवारचा वर्ग चालू ठेव, मुलींना तू यायची कल्पना दिली आहे. नोर्बेर्तोचा गुडघा सकाळी मिठाच्या गरम पुरचुंडीने शेकायचा, वीस मिनिटं, वरून खाली. तो नको म्हणेल. तरी शेक. शेकताना तो भिंतीकडे बघेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यालाही मी सुनावलंय. एक वाक्य तुझ्याशी बोलला असता तर आज दोघंही इथे असता. त्याने तुझी परीक्षा घेतली आणि तू पास झाली नाहीस. मला तुम्हा दोघांचाही सारखाच राग आहे. तुम्हाला आता पन्नास दिवस आहेत, एका छपराखाली, एकमेकांना सांगायला.

का विचारलंस, असं तू विचारलं होतंस. तर सांगते. कुणीही दुसरं असतं तर त्याने दोन नावं लिहिली असती. एक लिहिणारी तूच. खोलीतल्या सगळ्यांना ते वाचता आलं, तुला एकटीलाच आलं नाही. मी गुडघ्याचं गुपित तुझ्या हाती ठेवलं ते त्याला सांभाळशील म्हणून. तू त्याची चिठ्ठी केलीस. माझी बहीण आहेस म्हणून हे लिहिणं जड जातंय, पण लिहायचं थांबवावंसं वाटत नाही.

निघण्याआधी तुझी चूक तेवढी दुरुस्त करून आले आहे. दुधवाल्याच्या वहीत, क्लबाच्या फळ्यावर, टपालपेटीवर, सगळीकडे मी स्वतःच्या हाताने लिहिलंय. या पाकिटावरही तेच आहे, पुन्हा पाहा. मिर्ता-नोर्बेर्तो.

उरलेला लोभ पोरांना दे, मला परत आल्यावर काही उरलं तर पाहू.

तुझी
ताई